कामावर गेलेला माणूस परत आला नाही, तर घरच्यांचा हक्क काय?

खान्देशातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी वारंवार दिसते. विहिरीचं खोदकाम सुरू असताना दोर तुटून मजूर ठार. केळीचे घड वाहताना विजेचा धक्का लागून तरुणाचा मृत्यू. जिनिंगमध्ये पट्ट्यात अडकून कामगार दगावला. पाच-सहा ओळी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘याप्रकरणी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली.’ त्या घरात पुढे काय झालं, हे कुठेच छापून येत नाही.

दुर्घटना मोठी असेल तर चार दिवस गाजावाजा होतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, दहाहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि रावेर तालुक्यातल्या मजुरांचे किमान १५ जीव गेले. आभोडा, केऱ्हाळा, विवरा या गावांतली घरंच्या घरं एका रात्रीत उघडी पडली. १८ एप्रिल २०२३ रोजी साक्री तालुक्यात निजामपूर भागात मेणबत्तीच्या कारखान्याला आग लागली, त्यात कामाला आलेल्या चार महिला जळून गेल्या. अशा वेळी पुढारी येतात, मदत जाहीर होते. एकट्यादुकट्या मजुराच्या घरी कोणी येत नाही. आलाच तर मालकाचा माणूस येतो, आणि त्याच्या हातात स्टॅम्प पेपर असतो.

त्यात आता नवा गोंधळ झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत मिसळले गेले. ‘जुना कायदा गेला म्हणजे भरपाई पण गेली का?’ हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत जळगावपासून तळोद्यापर्यंत अनेकांनी विचारला. उत्तर आहे, नाही. हक्क जिथे होता तिथेच आहे. तो काय आहे, कसा मोजतात आणि कुठे अडतो, हे नीट बघू.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

सगळ्यात आधी ही एक गाठ सोडवायला हवी. मंत्री जाहीर करतात ती सरकारी मदत. सरकारची मर्जी असेल तर मिळते, नसेल तर कोर्टात जाऊन मागता येत नाही. मालक अंत्यविधीच्या दिवशी घरी आणून देतो ते पैसेही मदतच. त्यात माणुसकी असेलही, ती नाकारायचं कारण नाही.

भरपाई मात्र कायद्याने ठरलेलं देणं आहे. माणूस ज्याच्या कामावर होता त्याने ते द्यायचंच, इच्छा असो वा नसो. सरकारकडून २ लाख मिळाले म्हणून मालकाची भरपाई सुटत नाही. आपल्याकडे बहुतेक घरं पहिल्यालाच दुसरं समजतात आणि तिथेच थांबतात.

कायदा नेमकं काय म्हणतो

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याचा गाभा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. नियम साधा आहे: कामामुळे आणि काम चालू असताना अपघात होऊन कामगार गेला, तर मालक भरपाई द्यायला बांधील. मालकाची चूक होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. मालक भला माणूस असला, यंत्र नवं असलं, सगळी काळजी घेतली असली, तरी देणं लागतंच.

काहींना हे अन्यायाचं वाटतं. पण विचार करा, विहीर बांधून झाल्यावर पाणी मालकाच्या शेतात जातं. पन्नास फूट खाली उतरण्याचा धोका मात्र मजुराने घेतलेला असतो. ज्याच्या फायद्यासाठी धोका पत्करला, त्यानेच त्याचा भार उचलावा, एवढंच कायदा सांगतो.

सुप्रीम कोर्टाने १९७५ सालीच स्पष्ट केलं आहे की भरपाईची जबाबदारी अपघात झाला त्याच क्षणी उभी राहते, निकालाच्या दिवशी नाही. म्हणून संहिता लागू होण्याआधी ज्यांच्या घरी अपघात झाला, त्यांचा हक्क जुन्या कायद्यानुसार आजही उभा आहे.

रक्कम कशी मोजतात

इथे लोक सगळ्यात जास्त बिचकतात, पण हिशोब पाचवीतल्या गणिताइतकाच आहे. माणसाचा महिन्याचा पगार घ्यायचा, त्याचा निम्मा करायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. हा आकडा कायद्याच्या तक्त्यात दिलेला असतो. वय २० असेल तर २२४, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

वय वाढलं की आकडा का उतरतो? महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची बाग गेली त्यांना हे सांगावं लागणार नाही. झाडाची किंमत धरताना यंदाचा बहर मोजत नाहीत, ते झाड अजून किती वर्षं फळ देणार होतं ते बघतात. इथेही तसंच, तो माणूस अजून किती वर्षं घर चालवणार होता याचा अंदाज त्या आकड्यात आहे.

आता उदाहरण. ३० वर्षांचा मजूर, रोज ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. पगार झाला १०,४००, निम्मा ५,२००. त्याला २०७.९८ ने गुणलं की १०,८१,४९६ रुपये. दुसरं उदाहरण आपल्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरलं १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार. वय ४०. पाच हजार गुणिले १८४.१७, म्हणजे ९,२०,८५० रुपये.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण लिहिले. कारण ‘दोन लाख घ्या आणि मिटवा’ असं म्हणणारा समोर बसलेला असतो, तेव्हा घरच्यांना दहा लाखांचा आकडा ठाऊकच नसतो.

यात एक मोठी उणीव आहे. पगार कितीही असला तरी हिशोबाला महिना १५,००० च्या वर धरत नाहीत. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० झाली. एमआयडीसीतला कुशल वेल्डर किंवा ऑपरेटर २५ हजार कमावत असेल, तर त्याच्या घराचं उरलेलं नुकसान कोणीच मोजत नाही. ही मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढायला हवी, असं माझं ठाम मत आहे. दहा-दहा वर्षं तिला हात न लावणं म्हणजे विधवेच्या ताटातलं दरवर्षी थोडं थोडं काढून घेणं.

पैसे घरात नाही, कार्यालयात

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई थेट घरच्यांच्या हातात द्यायची नसते. ती कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. नव्या संहितेत या पदाला सक्षम प्राधिकारी म्हणतात. घरी आणून दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. जुन्या कायद्यात फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल मालकाला नंतर वजा करून मागता येते. आणि ‘आमची कोणतीही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ असं लिहून घेतलेला स्टॅम्प पेपर या बाबतीत रद्दी आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही.

रावेर भागातल्या एका घरी मी असा कागद पाहिला आहे. शंभराचा स्टॅम्प पेपर, खाली मयताच्या आईचा अंगठा, आणि तारीख तिसऱ्या दिवसाची. राख सावडून आल्यावर दोन तासांत तो अंगठा घेतला होता. त्या माउलीने तो कागद बाजाराच्या पिशवीत आधार कार्ड आणि रेशन कार्डाबरोबर जपून ठेवला होता. तिला वाटत होतं, यातच पोराचे पैसे आहेत. तो कागद तिच्या आड येऊ शकत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पैसे कार्यालयात जमा करण्यामागे आणखी एक कारण आहे. माणूस गेला की घरात वाटे पडतात. सासरचे म्हणतात आमचा मुलगा, माहेरचे म्हणतात आमची लेक उघडी पडली. रक्कम आयुक्तांकडे असली की कोणाला किती, हे तेच ठरवतात. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना आपण त्याच्यावर अवलंबून होतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. लहान मुलांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या नावाने गुंतवून ठेवता येतात. ज्या घरांत तरण्या विधवेला बाजूला सारायचं चाललेलं असतं, तिथे ही तरतूद तिचा मोठा आधार ठरते.

मुदतीही बघा. मालकाने मृत्यूची खबर सात दिवसांत द्यायची असते. भरपाई एका महिन्यात जमा व्हायला हवी. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा. मालकाने काहीच केलं नाही तर घरच्यांनी दोन वर्षांच्या आत दावा लावायचा. त्याहून उशीर झाला असेल आणि कारण पटण्यासारखं असेल, तर तोही माफ होऊ शकतो.

‘त्याचीच चूक होती, दारू प्यायला होता’

हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक घराला ऐकवलं जातं. हेल्मेट घातलं नव्हतं, पट्टा बांधला नव्हता, सांगितलेलं ऐकलं नाही. साध्या दुखापतीत मालकाला हा बचाव घेता येतो. मृत्यू झाला असेल तर घेता येत नाही. म्हणजे प्यायला होता हे खरं जरी असलं, तरी काम करताना अपघातात गेला असेल तर केवळ त्या कारणाने भरपाई बुडत नाही. बापाच्या एका चुकीची शिक्षा पोरांना नको, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला रास्त वाटतो.

‘तो आमचा माणूसच नव्हता, ठेकेदाराचा होता’

कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादम फोन बंद करून बसतो. यावर कायद्याचं उत्तर आहे: काम ज्याच्या धंद्याचा भाग होतं त्या मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला. रोजंदारीवरचा होता, पहिलाच दिवस होता, हजेरीवर नाव नव्हतं, यामुळेही हक्क जात नाही. प्रश्न उरतो फक्त पुराव्याचा, त्याकडे पुढे येतोच.

‘अपघात रस्त्यात झाला, कामावर नाही’

आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे. केळी कापणीची टोळी पहाटे टेम्पोत बसून निघते. एमआयडीसीतले कामगार रात्रपाळी संपवून दुचाकीवर गावी परततात. याबाबत सुप्रीम कोर्टाने २९ जुलै २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली, आणि अखेर सुप्रीम कोर्टाने ती परत दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर घर ते काम हा प्रवासही धरायचा, असं कोर्टाने म्हटलं. नव्या संहितेत हे थेट लिहिलेलंच आहे.

हा निकाल लागायला त्या पहारेकऱ्याच्या विधवेला बावीस वर्षं थांबावं लागलं. कायदा कितीही चांगला असला तरी एवढा उशीर हा अन्यायच आहे.

वाहन अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचा रस्ताही असतो. पण दोन्हींपैकी एकच निवडता येतो. मोटार अपघाताच्या दाव्यात वरची पंधरा हजारांची मर्यादा नसते, म्हणून तिथे रक्कम अनेकदा जास्त बसते. वकिलाला विचारल्याशिवाय घाईने अर्ज टाकू नका.

‘छोटा शेतकरी आहे, तो कुठून देणार?’

हा आक्षेप मनाला लागतो, कारण तो खोटा नाही. शेतमजूर आणि सालदार या कायद्यात बसतात, हे अनेक शेतकऱ्यांना माहीतच नाही. पाच एकरवाल्याच्या थ्रेशरवर किंवा विहिरीवर माणूस गेला तर दोन्ही घरं बुडतात. गावात मग समजुतीने मिटवतात. मयताच्या घराला अर्धंमुर्धं मिळतं आणि शेतकरी सावकाराच्या दारात जातो.

यावर उपाय विमा हाच आहे. मजुरांच्या भरपाईची पॉलिसी विमा कंपन्या देतात. कामापुरती, हंगामापुरतीही घेता येते. विहीर खोदणाऱ्या ठेकेदाराला काम देतानाच ‘पॉलिसी दाखव’ म्हणायची सवय आपल्या शेतकऱ्यांनी लावून घेतली पाहिजे. बियाणं घेताना आपण लॉट नंबर बघतो, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात, पण ते शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही, तो भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. शेतात राबताना दोघं सारखेच मरतात, आणि योजना फक्त जमीनवाल्याची आहे. हे बदलायला हवं.

सुरतला गेला आणि तिकडेच गेला

धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री या पट्ट्यातून दर हंगामात माणसं गुजरातला जातात. कोणी ऊसतोडीला, कोणी सुरतच्या बांधकामावर, कोणी मिलमध्ये. तिकडे अपघात झाला की मुकादम गाडी करून मृतदेह गावी पाठवतो, सोबत दहा-वीस हजार, आणि विषय संपतो. घरच्यांना वाटतं, दावा लावायला सुरतच्या कोर्टात खेटे घालावे लागतील, भाषा नाही, ओळख नाही, कोण जाणार?

जावं लागत नाही. दावा अपघात झाला तिथे लावता येतो, तसाच घरचे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही लावता येतो. तळोद्याच्या बाईला सुरतच्या मालकावर आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. मात्र शवविच्छेदन, पंचनामा आणि पोलीस नोंद तिकडेच, त्याच वेळी झाली पाहिजे. ते न करता मृतदेह घेऊन निघालात, तर पुढचं सगळं लंगडं होतं.

ऊसतोडीत आणखी एक अडचण असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई गेली तर तिचा पगार किती लिहायचा? कागदावर ती कामगारच नसते. पण कायद्यात याला वाट आहे: तिचा पगार ठरलेला दिसत नसेल, तर त्या भागात तसंच काम करणाऱ्याला जी मजुरी मिळते ती धरता येते. आई गेली तरी लेकरांचा हक्क बाप गेल्यावर असतो तितकाच आहे.

कागद पहिल्या दोन दिवसांत होतात

पुराव्याची खरी लढाई कोर्टात नंतर होते, पण ती जिंकली किंवा हरली जाते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत. पोलिसांच्या नोंदीत ‘पडून मृत्यू’ एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा वर्षभराने मालक म्हणतो, पडला असेल कुठेही. म्हणून जबाब देणाऱ्याने सांगितलं पाहिजे आणि लिहून घेतलं पाहिजे: कुठे, कोणाच्या कामावर, काय करताना, कोणाच्या सांगण्यावरून. पंचनाम्यात जागा आणि यंत्र यांचा उल्लेख हवा. शवविच्छेदन टाळू नका. ‘देहाची विटंबना नको’ म्हणून नातेवाईक नाही म्हणतात. भावना समजते, पण त्या अहवालाशिवाय मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड होतं.

हजेरी नसली तरी खुणा असतात. फोनपेवर आलेला हप्ता, मुकादमाचा व्हॉट्सॲपवरचा निरोप, साइटवर काढलेला फोटो, गेटपास. मयताचा मोबाइल जपून ठेवा, रीसेट करून धाकट्याला देऊ नका.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील देतं. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००. संहितेनुसार अर्जाचे नमुने बदलत आहेत, तेव्हा सध्याचा नमुना तिथूनच मागून घ्या.

इतर ठिकाणी काय अडकलेलं असू शकतं

ज्याचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता, त्याच्या घराला एकरकमी भरपाईऐवजी दरमहा पेन्शन मिळते. पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम अवलंबितांत वाटली जाते. पीएफ कापला जात असेल तर विधवा पेन्शन आणि त्याला जोडलेला विमा, जो ७ लाखांपर्यंत जातो, दोन्ही मागा. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी आणि तिचं नूतनीकरण झालेलं असेल, तर कामावरच्या अपघाती मृत्यूला ५ लाख आहेत. बँक पासबुक तपासा: वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २ लाख असतात, आणि ते मागायला कोणी जातच नाही. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये आहेत.

कारखान्यातल्या मृत्यूत एक नवी गोष्ट आली आहे. सुरक्षेचे नियम मोडल्याने माणूस गेला असं सिद्ध झालं, तर नव्या संहितेत किमान ५ लाख दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

पैशाने माणूस परत येतो का?

नाही येत. हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातून विधवेला पैसे मागायची लाज वाटायला लागते. नवऱ्याच्या जिवाची किंमत घेतेय, असं कोणीतरी कुजबुजतं आणि ती दावा सोडून देते. हे मी पाहिलं आहे. तिला एवढंच सांगायला हवं की हा त्याचाच, त्याच्या घामाचा पगार आहे, जो त्याला पुढे मिळायचा होता.

कामावरच्या मृत्यूचं दु:ख थोडं वेगळं असतं. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी येत नाही. आजारपण नाही, निरोप नाही. शिवाय मनात राग असतो, आणि बऱ्याचदा अपराधीपण: त्या दिवशी जाऊ नको म्हणायला हवं होतं. दावा चालू असताना तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, पोलिसांना, डॉक्टरांना, विमा कंपनीच्या वकिलाला. जवळ उभा असलेला जोडीदार तर आणखीच एकटा पडतो. त्याने सगळं पाहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर जावं लागतं. झोप उडाली, भीती बसली, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, मराठीत बोलता येतं.

जगात २८ एप्रिल हा दिवस कामावर जीव गमावलेल्यांच्या स्मरणाचा म्हणून पाळतात. त्याची सुरुवात १९८४ मध्ये कॅनडातल्या कामगार संघटनांनी केली. तिथे अशाच दु:खातून गेलेली माणसं शिकून-सवरून नव्या कुटुंबांना साथ देतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे की जगात वर्षाला सुमारे २९ लाख माणसं कामामुळे झालेल्या आजारांनी आणि अपघातांनी मरतात. आपल्याकडे मात्र २८ एप्रिल कोणाला ठाऊक नाही.

पण त्याच्या आगेमागेच आपली आखाजी येते. घरोघरी घागर भरली जाते, वर सांजोरी आणि खरबूज ठेवतात, गेलेल्यांच्या नावाने घास टाकतात. आणि त्याच दिवशी सालदाराचं साल संपतं, नवं साल ठरतं. पितरांची आठवण आणि मजुरीचा हिशोब एकाच दिवशी करणारा सण आपल्याकडे आधीच आहे. त्या दिवशी गावात कामावर जीव गमावलेल्यांची नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावीत, कोणत्या कामावर आणि कशाने गेला हेही लिहावं. नवं साल ठरवताना विम्याचंही ठरवावं.

दारावर जाल तेव्हा

आपल्याकडे दारावर जायची, म्हणजे दु:खाच्या घरी भेटायला जायची, रीत पक्की आहे. दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, गंधमुक्तीचा विधी झाला की अंगण रिकामं होतं. आणि मालकाने खबर द्यायची मुदत त्याच दिवसांत निघून जाते, पैसे जमा करायच्या मुदतीचे दिवसही सरत असतात. म्हणून गावातल्या एका वाचत्या-लिहित्या माणसाने पहिल्याच आठवड्यात एक फाइल करावी. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढाव्यात. मूळ कागद कोणालाही द्यायचा नाही, हे घरच्यांना बजावावं. स्टॅम्प पेपर घेऊन कोणी आला तर ‘वाचून सांगतो’ म्हणून त्याला परत पाठवावं.

गंधमुक्तीच्या पत्रिकेत आपण काका-मामांची वीस नावं छापतो आणि माणूस कसा गेला ते ‘अपघाती निधन’ या दोन शब्दांत गुंडाळतो. तिथे कामाचं ठिकाण आणि तारीख छापा. तो पुढे जोडपुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

मग येते तारीख. दाव्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस असतो तो बाजूला काम करणारा जोडीदार. ‘हा माझ्यासोबत त्याच मालकाच्या कामावर होता’ हे त्याचं एक वाक्य दहा कागदांना भारी पडतं. तो येत नाही याचं कारण बहुतेक वेळा भीती नसते. तारखेला गेला की त्याचा रोज बुडतो, आणि दोन-तीन तारखांनंतर त्याला ते परवडत नाही. वर्गणी काढून आपण मंदिराचा कळस चढवतो, भंडारा घालतो. त्याच वर्गणीतून साक्षीदाराचा बुडालेला रोज आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं गावाने द्यावं.